आभाळ उघडायची वाट बघू नकोस

ताई,
नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षांपूर्वी या शहरात आलो. इथला हिवाळा म्हणजे बर्फ नाही, हाडं गोठवणारी थंडीही नाही. नुसतं मळभ. नोव्हेंबर लागला की आभाळ खाली उतरतं ते मार्चपर्यंत वर जात नाही. पाऊससुद्धा धड कोसळत नाही, दिवसभर पिरपिर. दुपारी साडेतीनलाच दिवे लावावे लागतात. मी घरूनच काम करते. पहिल्या वर्षी नवलाई होती, दुसऱ्या वर्षी सर्दी-खोकल्यावर खापर फोडलं. या वर्षी मात्र दहा-दहा तास झोपूनही उठवत नाही, सारखं गोड खावंसं वाटतं, कोणी बोलावलं तर काहीतरी कारण काढून टाळते. नवरा म्हणतो, "थोडा पाऊस तर आहे, त्यात काय एवढं?" तो आणि आमची नऊ वर्षांची मुलगी शनिवारी रेनकोट चढवून भटकायला जातात आणि चिखलाने माखून हसत परत येतात. मी खिडकीतून बघते आणि मला त्या दोघांचा राग येतो. मग स्वतःचा येतो. एप्रिल आला की मी पुन्हा माणसात येते, म्हणून वाटतं, हे सगळे माझ्याच मनाचे खेळ. मी नखरे करतेय का? की इथून निघून जाणं हाच उपाय आहे?
– मळभात अडकलेली

तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मीही तुला 'तू'च म्हणते.

नखरे नाहीत. नखरे कॅलेंडर बघून येत-जात नाहीत. एप्रिलमध्ये आपोआप बरं वाटतं, ही तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ आहे आणि तू ती स्वतःविरुद्धचा पुरावा म्हणून लिहिली आहेस. मी ती उलटी वाचते. दरवर्षी त्याच सुमारास खालावणं, दरवर्षी त्याच सुमारास सावरणं, आणि मधल्या काळात भरपूर झोप, गोडाची ओढ, माणसं नकोशी वाटणं, हा नमुना डॉक्टरांच्या चांगला ओळखीचा आहे. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला नाव दिलं: सिझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर, सोप्या भाषेत ऋतूबरोबर येणारं डिप्रेशन. हे रोझेन्थाल मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. भरपूर उन्हाच्या गावातून अमेरिकेत आले आणि तिथल्या हिवाळ्यात आपलंच अंग जड होतंय हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे ज्या माणसाने हा आजार कागदावर आणला, तोही तुझ्यासारखाच उन्हाकडून अंधाराकडे आलेला.

एरवीच्या डिप्रेशनमध्ये बहुतेकदा झोप उडते आणि भूक मरते. इथे नेमकं उलटं होतं, म्हणून लोकांना हा आजार वाटतच नाही, आळस वाटतो. घरच्यांनाही आणि स्वतःलाही. याचा सौम्य प्रकार, म्हणजे नुसती हिवाळी मरगळ, खऱ्या आजारापेक्षा कितीतरी जास्त लोकांना असतो. तुझं नक्की काय, ते पत्रावरून मी सांगणार नाही. सलग दोन वर्षं तरी तोच क्रम दिसला तर डॉक्टर ऋतूशी संबंध जोडतात आणि तुझं तिसरं वर्ष आहे, एवढं पुरे आहे अपॉइंटमेंट घ्यायला. जाताना "हल्ली बरं वाटत नाही" असं मोघम सांगू नकोस. तीन वर्षांचे महिने कागदावर लिहून ने: कधी सुरू झालं, झोप किती वाढली, वजन वाढलं का, कधी सुटलं. थायरॉइड आणि रक्तातलं लोह तपासायला सांग, कारण मरगळीची ती दोन कारणं पावसाच्या आड सहज लपतात. आणि जगणंच नको असं मनात आलं, तर या सदरातलं काहीही करून बघत बसू नकोस. त्याच दिवशी नवऱ्याला सांग आणि डॉक्टर गाठ.

आता मुख्य गोष्ट. ती ऐकून तू वैतागशील, तरी सांगते. ज्या मळभावर तू रुसून बसली आहेस, तेच तुझं औषध आहे.

डोळे आपल्याला फसवतात. अंधारात बाहुली मोठी होते, डोळ्याच्या आतला पडदा जुळवून घेतो आणि दिवा लावलेली खोली आपल्याला 'बऱ्यापैकी उजेडाची' वाटते. मोजायला गेलं तर चित्र वेगळंच निघतं. प्रकाश लक्समध्ये मोजतात. उन्हाळ्यातल्या भर दुपारी बाहेर एक लाखाच्या आसपास लक्स असतात. संध्याकाळी दिवे लावलेल्या घरात शंभर-दोनशे. चांगल्या उजळ ऑफिसात तीनशे ते पाचशे. आणि तू ज्याला 'काळोख' म्हणतेस, त्या हिवाळ्यातल्या ढगाळ दुपारी? बाहेर एक हजारापासून काही हजार लक्सपर्यंत. म्हणजे पाऊस पडत असताना, तोंड वाकडं करून, छत्रीखाली उभी राहिलीस तरी दिव्याखालच्या खुर्चीपेक्षा तुला कित्येक पटींनी जास्त उजेड मिळतो. खिडकीतून दिसणारं ते करडं जग तुझ्या खोलीहून उजळ आहे. खोटं वाटत असेल तर फोनवर लक्स मोजणारं अ‍ॅप घे. आकडा अचूक नसतो, पण खोली आणि गॅलरी यांतला फरक बघून थक्क होशील.

हा उजेड लागतो कशाला, तर घड्याळाला. आपल्या डोळ्यात बघण्याच्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी असतात, २००२ मध्ये त्यांचं काम पहिल्यांदा नीट उलगडलं. त्यांना चित्र दिसत नाही. त्या फक्त 'किती उजेड आहे' हे मोजतात आणि मेंदूतल्या मुख्य घड्याळाला कळवतात. सकाळी पुरेसा उजेड मिळाला की मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची खबर देणारं संप्रेरक, ओसरतं आणि दिवस सुरू होतो. नाही मिळाला तर घड्याळ मागे रेंगाळतं. मग सकाळी नऊला तू लॅपटॉप उघडतेस खरी, पण शरीराच्या लेखी पहाट व्हायचीय. दहा तास झोपूनही उठवत नाही याचं कारण बरंचसं इथे आहे. ती झोप कमी पडत नाहीये, ती चुकीच्या वेळेवर सरकली आहे.

म्हणून सकाळचा अर्धा तास बाहेर. रोज, आणि उजाडल्या उजाडल्या. मुलीला शाळेत सोडायला कोण जातं ते तू लिहिलं नाहीस. नवरा जात असेल तर ते काम उद्यापासून तू माग. व्यायाम म्हणून नको, वजनासाठी नको, नुसतं डोळे उघडे ठेवून चालायचं. आणि हे सकाळी उठून ठरवायचं नाही, कारण सकाळचं तुझं मन त्या कामाच्या लायकीचं नाही. ठरवायचं आदल्या रात्री: कपडे खुर्चीवर, बूट दाराशी, वेळ ठरलेली. सकाळी फक्त अंमलबजावणी.

दुसरं, तुझं टेबल कुठे आहे? माझा अंदाज, भिंतीला तोंड करून, खिडकीपासून दूर. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत आलं की उजेड भराभर घटतो. टेबल ओढून काचेला टेकव. पडदे पूर्ण बाजूला कर आणि खिडकी धुऊन काढ. पावसाळी शहरात काचांवर केवढा थर बसतो, ते धुतल्याशिवाय कळत नाही.

यानंतरही भागलं नाही, आणि तुझ्या बाबतीत कदाचित भागणार नाही, तर लाइट बॉक्स. १०,००० लक्सचा, अतिनील किरण गाळणारा दिवा. सकाळी उठल्यावर पहिल्या तासाभरात, सुमारे अर्धा तास. दिव्याकडे टक लावून बघायचं नाही. तो समोर, थोडा बाजूला ठेवून वाचायचं, काम करायचं. फरक साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत जाणवतो. ही थेरपी औषधांच्या तोडीने तपासली गेली आहे. २००६ च्या एका कॅनेडियन अभ्यासात लाइट थेरपी आणि फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनवरची गोळी, दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा निघाला.

इथे माझी फजिती सांगते. काही वर्षं मीही असल्या हिवाळ्यात काढली आहेत. दिवा आणला आणि दिसायला ओबडधोबड म्हणून खोलीच्या कोपऱ्यात, कपाटावर ठेवला. तीन आठवडे 'थेरपी' घेतली, काहीच झालं नाही, आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की हे सगळं थोतांड आहे. मग एकदा सोबतचा कागद वाचला. १०,००० लक्स हा आकडा ठरावीक अंतरासाठी असतो, बहुधा हातभर किंवा त्याहून कमी. अंतर दुप्पट झालं की उजेड साधारण चौथाईवर येतो. मी कपाटाला बरं करत होते, स्वतःला नाही. तू कागद आधी वाच. संध्याकाळी दिवा लावू नकोस, झोप उडेल. आणि घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचार, विशेषतः डोळ्यांचा काही आजार असेल, प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधं चालू असतील, किंवा तुला वा घरात कोणाला बायपोलर, म्हणजे मन कधी फार वर तर कधी फार खाली जाण्याचा आजार, असेल तर. अशा माणसांत हा दिवा मन भलतंच वर उडवू शकतो.

ड जीवनसत्त्वाबद्दल तू विचारलं नाहीस, पण कोणीतरी सांगेलच. उत्तरेकडे हिवाळ्यातलं ऊन इतकं तिरपं पडतं की त्वचेत ते जवळजवळ तयारच होत नाही, आणि आपल्या सावळ्या त्वचेला तर ऊन आणखी जास्त लागतं. तेव्हा हाडांसाठी तपासून गोळी जरूर घे. मात्र त्या गोळीने मन उजळेल ही आशा ठेवू नकोस. मोठ्या चाचण्यांत तसं दिसलेलं नाही.

आता ओलीबद्दल. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोक मनावर पुस्तकंच्या पुस्तकं लिहितात आणि ओल्या मोज्यांवर कोणी चार ओळी लिहीत नाही. उत्तर युरोपात एक म्हण सांगतात की वाईट हवा नसतेच, वाईट कपडे असतात. पहिल्या वर्षी ही म्हण ऐकवणाऱ्या माणसाला ढकलून द्यावंसं वाटतं. वाईट हवा असते, चांगली पाच महिने असते. पण कपड्यांचा अर्धा भाग खरा आहे. तुझ्या मुलीकडे आणि नवऱ्याकडे रेनकोट आहेत हे तू लिहिलंस, स्वतःच्या रेनकोटाचा पत्रात उल्लेख नाही. माझी शंका अशी की तुझ्याकडे एक छत्री आणि एक बरा दिसणारा कोट आहे. वाऱ्याच्या पावसात छत्रीचा काही उपयोग नाही. टोपी असलेलं, शिवणी सीलबंद केलेलं जॅकेट हवं, आणि त्याच्याइतकीच वरून चढवायची रेनपँट, कारण माणूस भिजतो तो मांड्यांपासून. आतून सुती नको. सूत ओलं झालं की अंगाला चिकटून ऊब ओढून घेतं. लोकर ओली झाली तरी ऊब धरते. बुटांचे दोन जोड, आलटून पालटून. ओल्या जोडात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि तासाभराने बदलायचे. हीटरला टेकवले तर चामडं तडकतं.

घरातली ओलही अशीच नकळत अंगावर येते. एका मशीनचे धुतलेले कपडे घरात वाळत घातले की दोनेक लिटर पाणी खोलीच्या हवेत जातं. ते जाऊन बसतं सगळ्यात गार भिंतीवर, बहुधा कपाटामागे, आणि तिथे बुरशी धरते. मग घराला तो कोंदट वास येतो आणि आपल्याला वाटतं की आपलंच मन कुबट झालंय. एक छोटं आर्द्रता मोजणारं यंत्र ठेव. आकडा साठ टक्क्यांच्या वर राहू देऊ नकोस. उपाय विचित्र वाटेल: पाऊस पडत असतानाही दिवसातून दोनदा समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघड. गार हवेत बाष्प मावतंच कमी. आठ अंशांची अगदी ओलीचिंब हवा घरात येऊन वीस अंशांना तापली की तिची आर्द्रता पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे पावसाची हवा आत घेऊन घर कोरडं होतं. मला हे पटायला दोन हिवाळे लागले.

मनाचं काय? नुसतं 'सकारात्मक राहा' हे मी तुला सांगणार नाही, तो सल्ला कोणाच्या उपयोगी पडलेला मी पाहिलेला नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ केली रोहन यांनी ऋतूच्या डिप्रेशनसाठी लाइट थेरपी आणि विचार-वर्तन उपचार, म्हणजे सीबीटी, यांची तुलना केली. त्या हिवाळ्यात दोन्ही सारखेच उपयोगी ठरले. दोन हिवाळ्यांनंतर मात्र सीबीटी घेतलेल्यांमध्ये डिप्रेशन परत येण्याचं प्रमाण कमी होतं. दिवा बंद केला की त्याचा असर संपतो, सवय बदलली तर ती पुढच्या नोव्हेंबरलाही सोबत असते. त्या उपचारातला एक भाग अगदी साधा आहे: 'बरं वाटलं की जाईन' हा क्रम उलटवायचा. आधी जायचं, वाटायचं ते मागून येतं. तू बोलावणी टाळतेस ना, तिथेच हे लागू कर. दहा आमंत्रणांना हो म्हणू नकोस. आठवड्यातून एकच गोष्ट पकड, ठरलेल्या वाराची, जिथे तू गेली नाहीस तर कोणीतरी फोन करेल. एखादा वर्ग, गाण्याचा गट, पोहणं, काहीही. फक्त घराबाहेर आणि माणसांत.

नॉर्वेतल्या ट्रॉम्सो गावात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. कॅरी लीबोविट्झ नावाच्या संशोधक तिथे राहिल्या आणि त्यांनी लोकांना हिवाळ्याबद्दल विचारलं. जे लोक हिवाळ्याकडे सोसायची गोष्ट म्हणून न बघता करायच्या गोष्टींचा काळ म्हणून बघत, ते जास्त समाधानी निघाले. यातून दृष्टिकोनाने सगळं होतं असा अर्थ काढू नकोस. समाधानी माणसालाच हिवाळा बरा वाटतो, असंही असू शकेल. पण मला त्यातलं एक पटलं. तू पाच महिने काहीही सुरू करत नाहीस, सगळं 'उघडल्यावर' करायचं ठरवतेस. खरं थकवतं ते हे वाट बघणं. फक्त हिवाळ्यातच करायचं असं एक काम निवड, जे एप्रिल आला की बंद करावं लागेल. एप्रिल थोडा लवकर आला असं एकदा तरी वाटू दे.

नवऱ्याला रागावू नकोस, त्याच्या शरीराला हा उजेड पुरतो, तुझ्या नाही. पण "त्यात काय एवढं?" हे वाक्य त्याने बंद करायला हवं, आणि त्यासाठी त्याला ही गोष्ट वाचून दाखव. नॉर्वेतच र्‍युकान नावाचं गाव आहे, खोल दरीत. डोंगरामुळे तिथे सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत ऊन पोहोचत नाही. १९२८ मध्ये तिथल्या कंपनीने केबल कार बांधली, कशासाठी, तर लोकांना वर जाऊन ऊन बघता यावं म्हणून. आणि २०१३ मध्ये गावाने डोंगरावर तीन मोठाले आरसे बसवले. सूर्य जसा सरकतो तसे ते वळतात आणि खालच्या चौकात उन्हाचा एक तुकडा पाडतात. खर्चावरून गावात कुरबुर झालीच. पण आरसे चालू झाल्यावर लोक चौकात येऊन त्या तुकड्यात उभे राहिले. एक अख्खं गाव उन्हासाठी डोंगरावर आरसे बसवतं, तिथे तू एक दिवा मागितलास तर काय मोठं मागितलंस?

त्याच्याकडून नेमकं एक मदतीचं काम माग. "मला समजून घे" नको, त्याचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. रोज सकाळी तू दाराबाहेर पडेपर्यंत त्याने मागे लागायचं, चिडलीस तरी, एवढंच.

इथून जायचं का, हा प्रश्न जानेवारीत सोडवू नकोस. जानेवारी फसवा महिना आहे. संध्याकाळ खरं तर सर्वात लहान दिवसाच्या आधीपासूनच लांबायला लागते. लंडनच्या अक्षांशावर सर्वात लवकरचा सूर्यास्त १२ डिसेंबरच्या आसपास होतो. पण सकाळ मात्र नव्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत उशिराच होत जाते. उठताना रोज तोच अंधार, म्हणून दिवस वाढतोय हे पटतच नाही. तुझ्या गावाच्या सूर्यास्ताच्या वेळा फ्रिजवर लाव आणि मुलीला रोज एक खोडायला सांग. घर सोडायचा विषय मे महिन्यात काढ, तोवर हे सगळं करून झालेलं असेल. तेव्हाही जावंसं वाटलं तर जा, त्यात हार नाही. राहिलात, तर दिवा सप्टेंबरच्या शेवटी बाहेर काढ, मरगळ यायच्या आधी.

आणि येत्या शनिवारी त्या दोघांबरोबर जा. मजा येईल असं मी म्हणत नाही. पहिल्या खेपेला बहुधा नाहीच येणार. चाळीस मिनिटं जा, मग एकटी परत फिरलीस तरी चालेल. नंतर घरात जो चिखल येईल तो पुसायचं काम त्या दोघांचं. हे मात्र शुक्रवारीच ठरवून घे.